पेटीभर डावे बूट

९ जानेवारी

काका,

पत्राची सुरुवात 'पाया पडते' अशी करणार होते. पण तुम्ही म्हणाल, आधी बघ पायात बूट कोणते आहेत, मग पड. म्हणून आधी बुटांबद्दलच लिहिते.

हे फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता. मागच्या वेळी मी सर्दी झाली म्हटलं आणि तुम्ही माझं अभिनंदन केलंत.

तर ऐका, म्हणजे वाचा. मी विमा कंपनीतून बिनपगारी रजा घेतली आहे, एप्रिलअखेरपर्यंत. तुमच्या तिथे तो कारखाना आहे ना, दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी मऊ बूट बनवणारा, ज्याच्याबद्दल तुम्ही आईला रंगवून रंगवून सांगितलं होतंत? ते बूट मला इकडे मागवून ऑनलाइन विकायचे आहेत. नर्स, शिक्षिका, दुकानातल्या मुली, सगळ्या संध्याकाळी पाय चोळत घरी जातात. इकडे तसे बूट मिळत नाहीत, मी सगळा बाजार पालथा घातला. आयातीचा परवाना काढला, वेबपेज बनवलं, फोटोंसाठी पांढरी चादर भिंतीला ठोकली. आता फक्त तिकडे माझं एक माणूस पाहिजे. बूट हातात घेऊन, वाकवून, हुंगून खरं-खोटं सांगणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

आईने पुढची खोली दिली आहे, पण अटीवर. रजा संपेपर्यंत धंदा उभा राहिलेला दिसला तर ठीक. नाहीतर मी परत ऑफिसात आणि शिकवणीवाले सर भाडेकरू म्हणून खोलीत. बाबा गेल्यापासून भाड्याशिवाय भागवणं तिला जड जातं, म्हणून मी वाद घातला नाही. पण ती रोज दारात उभी राहून म्हणते, "न घालता कोणी बूट विकत घेतं का? घोडा न बघता नाल ठोकायचा हा प्रकार!" तुमचं बुटांचं दुकान बंद झाल्यापासून तिला स्वतःला एकही बूट धड बसलेला नाही. साऱ्या जगाने मिळून पाच नंबर खोटा बनवायला घेतलाय अशी तिची तक्रार आहे.

मला ऑफिसात परत जायचं नाही, काका. तिथे कामाचा त्रास नाही. पण तिथे मी नसले तरी काही अडत नाही, हे मला रोज दिसतं.

याल ना माझ्या धंद्यात?

तुमची,
भिंगरी

—

२१ जानेवारी

भिंगरे,

पत्र वाचलं आणि दाढी केली. यावरून काय ते समज.

इथे माझं काम म्हणजे दुपारी पार्सलवाल्याला दार उघडणं आणि सूनबाईच्या कुंड्यांना पाणी घालणं. बाकी वेळ पलंगाखालच्या माझ्या ट्रंकेत. दुकानातले काही उरलेले जोड आहेत तिच्यात. अधूनमधून काढतो, पॉलिश करतो, परत ठेवतो. चिरंजीव म्हणतात, बाबा, हा कचरा एवढ्या लांब आणायची काय गरज होती? मी म्हणतो, तुझ्या लग्नातला कोट तू अजून ठेवला आहेस, तुला तो होतो का?

दुसऱ्याच दिवशी कारखान्यात गेलो. मालकीणबाई हसतमुख आहेत, मुकादम खडूस आहे. मला खडूसच बरा वाटतो. त्याला म्हटलं, एक बूट दे. मधोमध दुमडला, सोडला, मुकाट्याने सरळ झाला. शिवण आतून बघितली, टाच अंगठ्याने दाबली. मुकादम म्हणाला, "आजोबा, घेणार आहात की लग्न जमवताय?" मी म्हटलं, "दोन्हीला सारखंच बघावं लागतं." तेव्हापासून चहा पाजतो.

माल चांगला आहे. हे मी काका म्हणून सांगत नाही, दुकानदार म्हणून सांगतो.

एकच गोष्ट सांगून ठेवतो. चिरंजीव म्हणाले, "एक दुकान बुडवलंत, आता त्या पोरीलाही बुडवाल." चेष्टेत म्हणाले, पण लागलं. मला तुझा धंदा चाललेला बघायचा आहे. माझ्या हाताला यश नाही असं म्हणत मरायचं नाही.

पॅकिंगची काळजी करू नकोस. मी स्वतः उभा राहून आपल्या दुकानाच्या पद्धतीने करून घेतो. चोराच्या बापाची हात लावायची छाती होणार नाही.

वहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं, नाल ठोकणाऱ्याला घोडा पाठ असतो.

काका

—

१८ फेब्रुवारी

काका,

पेटी आली! विमानाने आली, म्हणून एवढी लवकर. दोन माणसांनी धरून पुढच्या खोलीत ठेवली. आईने कोपऱ्यातली खुर्ची आतल्या खोलीत नेली, "धंद्यात तिचा पाय मोडायला नको" म्हणून.

चामडं इतकं मऊ आहे की मी एक बूट गालाला लावून बघितला. शिवण सरळ, रंग एकसारखा, वास नवा. तुमची नजर तीच आहे.

वेबपेजवर फोटो टाकले. एकेकच बूट ठेवून काढलेत. हल्ली तशीच पद्धत आहे. दिसायला छान दिसतं.

काका, तो मुकादम भरवशाचा आहे ना? तुम्ही पेटी बंद होईपर्यंत तिथेच होतात की मध्ये चहाला गेला होतात? सहज विचारते. आणि पैसे त्यांना सगळे देऊन झाले का, की थोडे थांबवता येतील? तेही सहजच.

आई बरी आहे. बूट काढून बसते आणि मला उपदेश करते. तब्येतीची काळजी घ्या. जास्त धावपळ करू नका. खरंच करू नका.

भिंगरी

—

१ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र सूनबाईला मोठ्याने वाचून दाखवलं. 'तुमची नजर तीच आहे' हे वाक्य दोनदा वाचलं, चिरंजीव जवळ होते म्हणून.

पैसे कसले थांबवतेस? माल बघून घेतला, पैसे चुकते केले, विषय संपला. आणि चहाला गेलो होतो, पण पेटी समोर ठेवून. मुकादम माणूस सोन्यासारखा आहे. मी सांगितलं तसंच्या तसं भरलं. आधी माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता, पण कारण सांगितल्यावर मान डोलवली. म्हणाला, "आजोबा, जुनी खोडं ती जुनी खोडं."

दुसरी पेटीही निघाली आहे. अगदी पहिलीसारखीच, जेवढे नग तिच्यात तेवढेच हिच्यात. ती जहाजाने येते आहे, तेव्हा जरा दम धर. ती पोचली की तुझं दुकान खऱ्या अर्थाने उभं राहील.

माझा गुडघासुद्धा दुखायचा थांबलाय. धंदा हेच औषध, मी डॉक्टरला सांगितलं.

काका

—

१२ मार्च

काका,

आता लपवण्यात अर्थ नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून एवढे दिवस तोंड शिवून बसले, पण तुम्ही दुसरी पेटीही 'पहिलीसारखीच' पाठवली हे वाचलं आणि मी खोक्यावरच बसले.

त्या पेटीतले सगळे बूट डावे आहेत.

एक सोडून एक नाही, थोडे नाहीत, सगळे. पाच नंबर डावा, सहा नंबर डावा, काळा डावा, तपकिरी डावा. मी पेटी उलटी केली, कागद झटकले, खालचा पुठ्ठा उचलून बघितला. उजवा एक नाही. आईने विचारलं, काय शोधतेस? म्हटलं, कात्री.

तुम्हाला फसवलं, काका. म्हातारा माणूस बघितला, चहा पाजला आणि फसवलं. मला मालापेक्षा त्याचा राग जास्त येतो. आणि आता दुसरी पेटीभर डावे येणार! निम्मी रजा संपली आहे. शिकवणीवाले सर परवा टेप घेऊन खोली मोजून गेले. फळा कुठे लावायचा तेही ठरवून गेले.

एक गंमत मात्र सांगते, नाहीतर तुम्ही झोपणार नाही. फोटो एकेका बुटाचे टाकले होते ना? काय करणार, दुसरा होता कुठे! तर एका बाईंनी लिहिलं, "तुम्ही एकच बूट विकता का? मला डावाच हवा असतो." त्या वाचनालयात काम करतात. त्यांना उजवा पाय नाही, कुबड्या घेऊन चालतात. दर वेळी जोड विकत घ्यायचा आणि उजवा कोराच्या कोरा कपाटात टाकायचा, असं जन्मभर चाललंय त्यांचं. मी लगेच पाठवला. उत्तर आलं, "आयुष्यात पहिल्यांदा मला हवं तेवढंच विकत घेतलं." त्यांनी आणखी दोघांना माझा पत्ता दिला, तेही डाव्यावाले.

पण अशा कितीजणांवर धंदा चालणार, काका? मुकादमाशी भांडू नका. रक्तदाब वाढेल. मीच काहीतरी बघते.

भिंगरी

—

२२ मार्च

अगं वेडे,

उजवे दुसऱ्या पेटीत आहेत!

तुझं पत्र वाचलं आणि आधी हसलो, मग घाम फुटला, मग स्वतःला शिव्या घातल्या. आपल्या दुकानात पुढे फळीवर कोणते बूट असायचे, आठव. फक्त डावे. उजवे मागच्या खोलीत. गिऱ्हाइकाने डावा घालून पसंत केला की मी आत जाऊन त्याचा उजवा आणायचो. चोराने नेलाच तर नुसता डावा नेणार, आणि चोरालाही दोन पाय असतात. घाऊक माल यायचा तोही असाच, डावे एका गाडीने, उजवे दुसरीने. जन्मभर तसंच केलं. हे कोणाला सांगावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही. श्वास घेतो हे कोणी पत्रात कळवतं का?

तू लहानपणी त्या मागच्या खोलीत खेळायचीस. मला वाटलं तुला माहीतच आहे. पण तू तिथे बुटांच्या खोक्यांची आगगाडी करायचीस. खोक्यात काय आहे ते कशाला बघशील!

आणि तू मला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसलीस. आपण दोघांनी एकमेकांना इतकं जपलं की धंदा मेला असता.

मुकादमाची मनातल्या मनात माफी माग. मीही मागतो. मी सांगायचं राहिलो म्हणून त्याच्यावर आळ आला.

काका

—

९ एप्रिल

काका,

उजवे आले! पण कसे ते ऐका.

जकात कचेरीने पेटी अडवली. कागदावर 'जोड' लिहिलेलं आणि आत नुसते उजवे. बोलावणं आलं. मी पिशवीभर डावे बूट घेतले आणि निघाले. आई म्हणाली, "तू एकटी जाऊ नकोस, तुला बोलता येत नाही." काका, मी विमा विकायचे! पण आली ती.

साहेबांनी टेबलावर एक उजवा ठेवला आणि म्हणाले, "बाई, याला जोड म्हणतात?" मी पिशवीतून त्याचा डावा काढून शेजारी ठेवला. त्यांनी दुसरा उजवा काढला, मी त्याचाही डावा ठेवला. असं चाललं. आजूबाजूचे कारकून उठून बघायला आले. तरी साहेब म्हणाले, हे संशयास्पद आहे, सरळ माणूस बूट असे पाठवत नाही. तेव्हा आई, जी कोपऱ्यात एक बूट काढून टाच चोळत बसली होती, ती तशीच एका पायात बूट घालून उठली. म्हणाली, "माझ्या दिराने जन्मभर बुटांचं दुकान चालवलं. दिवाळं निघालं, पण एक बूट चोरीला गेला नाही. तुमच्या गोदामाबद्दल असं छातीठोक सांगता येईल का?"

साहेबांनी आईच्या पायांकडे बघितलं, बुटाकडे बघितलं आणि शिक्का मारला.

आता पुढचं. आमच्या वाचनालयाच्या बाईंचं बघून आणखी लोक लिहायला लागलेत. सगळे एका पायाचे नाहीत. बऱ्याच जणांचा एक पाय मोठा आणि एक लहान आहे! कोणाला लहानपणी आजार झाला, कोणाचं हाड मोडलं, कोणी जन्मतःच तसं. सगळे आयुष्यभर बोळा कोंबून नाहीतर बोटं आवळून चालतात आणि कोणाला सांगत नाहीत. माझ्याकडे डावे एका भिंतीला, उजवे समोरच्या भिंतीला. मग अडचण कुठे आहे? मी वेबपेजवर लिहिलं, "दोन्ही पाय वेगवेगळे कागदावर ठेवा, पेन्सिल फिरवा, फोटो पाठवा. ज्या पायाचा जो बूट, तो मिळेल. एकच हवा असेल तर एक मिळेल." पोस्टातल्या बाई आता मला लांबून बघूनच वजनकाटा पुसतात.

खपतात तसे उलटसुलट नंबर उरतात, त्याचा हिशेब अजून जुळत नाही. आणि आईला अजूनही धंदा 'उभा राहिलेला' दिसत नाही, ओणवा दिसतो. रजेचे आता तीनच आठवडे उरलेत. ऑफिसातून फोन आला होता, टेबल पुसून ठेवलंय म्हणाले.

आईलाही म्हटलं, कागदावर पाय ठेव, तुला बसणारा बूट देते. म्हणाली, "माझे पाय सरळ पाचचे आहेत. भावोजींच्या दुकानातला पाचचा जोड मला मोजल्यासारखा बसायचा. दोष बुटांत आहे." पाय साडीत ओढून घेतले आणि विषय संपवला.

भिंगरी

—

१९ एप्रिल

भिंगरे,

'दिवाळं निघालं पण एक बूट चोरीला गेला नाही' हे मी कागदावर लिहून आरशाला चिकटवलं आहे. चिरंजीवांनी वाचलं. परवा माझ्याबरोबर कारखान्यात आले आणि मुकादमाशी हात मिळवून आले.

तू जे शोधलंस ते मला दुकानात बसून सुचलं नाही. मी दार उघडून गिऱ्हाइकाची वाट बघायचो. तुझ्याकडे ज्यांची कोणी वाट बघत नव्हतं ते आले. ऑफिसात जायचं की नाही ते तू ठरव, पण माझ्या मते धंदा उभा आहे. मी पडलेला बघितलाय, मला फरक कळतो.

वहिनींच्या पायाची मोजणी करू नकोस. त्यांना आवडत नाही. त्यांचं मी बघतो काहीतरी.

काका

—

२७ एप्रिल

भावोजी,

नमस्कार. मी सहसा पत्र लिहीत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. भिंगरीने तुमची पत्रं टेबलावर ठेवली होती, शेवटचं मी वाचलं. 'त्यांचं मी बघतो' म्हणजे काय बघता, असा मला प्रश्न पडला.

काल ती पार्सलं टाकायला गेली होती. मी पुढच्या खोलीत गेले. कोणी नव्हतं. कागद जमिनीवर ठेवला, दोन्ही पाय ठेवले, पेन्सिल फिरवली. खाली वाकायला त्रास झाला, पण केलं. उजवा मोठा निघाला. मला वाटलं पेन्सिल वाकडी धरली. परत केलं. मोठाच.

मग मी कपाटातून तुमच्या दुकानातले जुने जोड काढले. मी एकही टाकलेला नाही, पार झिजले तरी. उलटे करून तळ बघितले. प्रत्येक डाव्यावर पाचचा आकडा. प्रत्येक उजव्यावर आकडा खरवडलेला. सगळ्यांवर, भावोजी. एका बुटात टाचेच्या पट्टीखाली छापलेला सहा तेवढा राहून गेला होता.

म्हणजे लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही मला दोन जोड फोडून एक जोड देत होतात आणि खोक्यावर पाच लिहीत होतात. मी गावभर सांगत फिरले की माझे पाय सरळ आहेत. माहेरी मला लंगडी म्हणायचे. तुमच्या दुकानातले बूट घातले आणि कोणी म्हणेनासं झालं. मला वाटलं, सासर मानवलं.

भिंगरी आली तेव्हा मी डाव्या भिंतीचा पाच आणि उजव्या भिंतीचा सहा घालून खोलीत फेऱ्या मारत होते. तिने बघितलं आणि एक शब्द बोलली नाही. तुमच्यावरच गेली आहे.

शिकवणीवाल्या सरांना मी निरोप पाठवला, खोली रिकामी नाही. ते म्हणाले, कधी होईल? मी म्हटलं, लोकांचे पाय सारखे झाले की. तिने आज ऑफिसला राजीनामा पाठवला. तुमच्या दुकानाला मी जी नावं ठेवली ती विसरा. पॅकिंग उद्यापासून मी बघणार आहे, तिला दोरी नीट बांधता येत नाही.

एकच विचारायचं आहे. मला पाचचा डावा आणि सहाचा उजवा दिलात, तर सहाचा डावा आणि पाचचा उजवा दर वेळी उरला असेल. ते कोण घेणार? तुमचं दुकान माझ्या पायांनी बुडालं का? खरं सांगा.

तुमची वहिनी

—

८ मे

वहिनी,

तेवढ्याने दुकान बुडत नाही. दुकान बुडालं कारण मला उधारी मागता येत नव्हती. उगाच स्वतःच्या पायांना एवढं महत्त्व देऊ नका.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा दादा बाहेर उभा होता. तुम्ही बूट घालून चार पावलं चाललात, उजवा पाय चोरून, आणि म्हणालात, छान बसला. डोळ्यांत पाणी होतं. मी नवा दुकानदार, तुम्ही नवी नवरी. तुम्हाला काय सांगणार होतो? आत गेलो, सहाचा उजवा घेतला आणि काचेच्या तुकड्याने आकडा खरवडला. मग सवयच झाली.

उरलेले सगळे जोड माझ्या ट्रंकेत आहेत. चिरंजीव ज्याला कचरा म्हणतात तो हाच. टाकवले नाहीत. एवढी वर्षं पॉलिश करत आलो, चामडं अजून मऊ आहे. माझ्या मनात यायचं, जगात कुठेतरी तुमच्या उलट पाय असलेली एक बाई असेल, डावा सहाचा आणि उजवा पाचचा, आणि तीही असंच हसून म्हणत असेल, छान बसला.

काल भिंगरीचा फोन आला. या वेळी मला सगळं ऐकू आलं. म्हणाली, काका, एका बाईंनी कागद पाठवलाय. डावा सहा, उजवा पाच, आणि माझ्याकडचे संपलेत.

ट्रंक उद्या निघते आहे. या वेळी डावे-उजवे एकत्रच बांधले आहेत.

तुमचा,
भावोजी